राखणीचा कुत्रा साखळीवर घडत नाही

१२ मार्च २०२४ रोजी केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन व दुग्धव्यवसाय विभागाने सर्व राज्यांना एक परिपत्रक पाठवले. तेवीस जातींचे कुत्रे माणसाच्या जिवाला धोकादायक आहेत, त्यांची विक्री, पैदास आणि पाळण्याचे परवाने थांबवावेत आणि जे आधीच लोकांच्या घरी आहेत त्यांची नसबंदी करावी, असे त्यात म्हटले होते. पुढच्याच महिन्यात आधी कर्नाटक आणि मग दिल्ली उच्च न्यायालयाने ते रद्द केले, कारण कुत्री पाळणाऱ्यांचे आणि जाणकारांचे म्हणणे ऐकून घेण्याची पायरीच त्यात गाळली गेली होती. परिपत्रक गेले, परंतु लोकांच्या मनातला गोंधळ मात्र राहिला. त्या यादीत पिटबुल आणि रॉटवायलर यांच्या शेजारी कांगल, कॉकेशियन शेफर्ड, सेंट्रल एशियन शेफर्ड अशी नावे होती, आणि ही कुत्री त्यांच्या मूळ प्रदेशांत शेकडो वर्षे मेंढरे राखत आली आहेत.

आपल्याकडे या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. कराड, पाटण आणि शिराळा या पट्ट्यात उसाच्या फडांत बिबट्याचा वावर वाढल्यापासून रानातल्या वस्तीवर राहणारी आणि शहराबाहेर बंगला बांधणारी मंडळी 'एखादा दांडगा कुत्रा' शोधू लागली आहेत. पिल्लू येते, फाटकाजवळ साखळीला अडकवले जाते आणि वर्षा-दीड वर्षात एक तर ते घरच्यांवरच गुरगुरू लागते किंवा पायांनी अधू होते. दोष जातीला दिला जातो. माझ्या मते तो बहुतेक वेळा जातीचा नसतो. पहिल्या चार महिन्यांचा असतो.

राखणदार जात म्हणजे नेमके काय?

माणसाने वेगवेगळ्या कामांसाठी वेगवेगळे कुत्रे घडवले. रानटी पूर्वजाकडून कुत्र्याला शिकारीची एक साखळी मिळाली आहे: सावज हेरायचे, त्याच्यावर नजर रोखायची, दबकत जवळ जायचे, पाठलाग करायचा, धरायचे आणि मारायचे. मेंढरे वळवणाऱ्या कुत्र्यांत या साखळीचा पहिला भाग पैदाशीने तीव्र केलेला असतो, म्हणून ते नजरेच्या धाकाने कळप हलवतात. आपल्या शेजारच्या मुधोळचा कुत्रा, ज्याला सांगली भागात कारवान म्हणतात, तो पाठलागासाठी घडलेला आहे. लांब पाय, आत गेलेले पोट आणि तिखट नजर ही त्याची भांडवले आहेत. राखणदार जातींत मात्र ही साखळीच मंद केलेली असते. कोकरू पळाले तरी त्याच्या मागे धावावे असे चांगल्या राखणदाराला वाटत नाही, आणि म्हणूनच तो रात्रभर कोकरांमध्ये झोपू शकतो.

तुर्कस्तानचा कांगल, इटलीचा मारेम्मा, फ्रान्स-स्पेनच्या सीमेवरचा ग्रेट पिरेनीज, कॉकेशस पर्वतातला कॉकेशियन, तिबेटी मास्टिफ ही या गटातली जगभर ठाऊक असलेली नावे आहेत. आपल्या देशातही जम्मू-काश्मीरमधला बखरवाल आणि हिमाचलमधला गद्दी हे याच कुळातले आहेत. कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने राजापालयम, चिप्पीपराई आणि मुधोळ यांच्यानंतर गद्दीचीही देशी जात म्हणून नोंद केली आहे.

पोलिसांचा कुत्रा आणि राखणीचा कुत्रा यांतला फरक शिपाई आणि जागल्या यांच्यातल्या फरकासारखा आहे. शिपाई हुकमाची वाट पाहतो. जागल्या मात्र रात्री एकटा असतो, विचारायला कोणी नसते, आणि कोणत्या चाहुलीला हाक द्यायची व कोणती सोडून द्यायची हे त्याचे त्यालाच ठरवावे लागते. राखणदार कुत्रा 'ऐकत नाही' अशी तक्रार नवे मालक करतात, तेव्हा त्यांनी हे लक्षात घ्यावे की स्वतः निर्णय घेण्याचा हा गुण शेकडो पिढ्यांनी मुद्दाम जपलेला आहे.

मग तो हल्ला करून राखतो का?

क्वचितच. त्याचे बहुतेक काम हद्दीवर फिरणे, मूत्राने खुणा ठेवणे, भुंकणे आणि येणारा व राखायची वस्तू यांच्या मध्ये उभे राहणे एवढेच असते. लांडगा किंवा कोल्हा शिकारीला निघतो तेव्हा तोही नफा-तोटा पाहतो. पायाला एक खोल जखम झाली तर त्याला पुढचे कित्येक दिवस उपाशी राहावे लागते, म्हणून जिथे मोठा आवाज आणि मोठा देह उभा आहे तिथून तो शक्यतो वाट वाकडी करतो.

ऑस्ट्रेलियातल्या वॉर्नम्बूल गावाजवळच्या मिडल आयलंड या बेटावर ओहोटीच्या वेळी कोल्हे चालत येत आणि तिथले छोटे पेंग्विन मारत. शेकड्यांनी असलेले पेंग्विन २००५ च्या सुमारास दहापेक्षा कमी उरले. २००६ पासून तिथे मारेम्मा कुत्री ठेवण्यात आली. त्यांच्या वासाने आणि आवाजाने कोल्हे बेटाकडे फिरकेनासे झाले आणि पेंग्विन पुन्हा वाढले. आफ्रिकेत नामिबियामध्ये १९९४ पासून शेतकऱ्यांना कांगल कुळातली पिल्ले दिली जात आहेत. तिथे हेतू दुहेरी आहे: शेळ्या-मेंढ्या वाचल्या की शेतकरी चित्त्यांवर बंदूक रोखत नाही.

पहिले सोळा आठवडे

सगळा विषय इथे येऊन थांबतो, म्हणून थोडे सविस्तर सांगतो.

पिल्लाच्या साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंतच्या काळाला सामाजिकीकरणाचा काळ म्हणतात. या काळात पिल्लू ज्यांच्या सहवासात असते ते 'आपले' ठरतात, आणि जे अजिबात दिसले नाही ते पुढे परके ठरते. कुंभाराच्या चाकावरची माती ओली असते तोवर बोटाच्या दाबानेही आकार घेते. भाजल्यावर तिच्यावर कितीही जोर लावला तरी ती तडकते, आकार मात्र बदलत नाही. पुढच्या दोन-चार आठवड्यांत हा ओलावा हळूहळू सुकतो, म्हणून मी सोळा आठवडे हा हिशेब धरतो.

गेल्या फाल्गुनात रहिमतपूरच्या बाजूला शाळू काढलेल्या एका रानात माणदेशातून आलेला धनगरांचा वाडा, म्हणजे मेंढरांसह फिरणाऱ्या कुटुंबांचा तळ, बसला होता. संध्याकाळी वाघर लावून झाली होती, म्हणजे मेंढरांभोवती खुंट्यांवर जाळे ताणले होते, आणि आत कोकरांच्या घोळक्यात दीडेक महिन्याचे एक तांबूस पिल्लू बसले होते. ते एका कोकराचा कान चघळू लागले तेव्हा कोकराच्या आईने डोक्याने अशी ढुशी दिली की पिल्लू दोन कोलांट्या खाऊन जाळ्याला लागले. उठले, अंग झाडले, आणि त्याच मेंढीच्या पोटाशी जाऊन पुन्हा बसले. या वेळी कानाला तोंड लावले नाही. घरातल्या बाईने त्याला ताकात कुस्करलेली भाकरी वाघरीच्या आत नेऊन घातली, बाहेर बोलावून नाही. मी म्हातारबांना विचारले, "मामा, एवढंसं पिल्लू मेंढरांत तुडवलं जायचं नाही का?" ते म्हणाले, "न्हाई सायेब. मेंढरांच्या उबंला वाढलेलं पिल्लू मेंढरं सोडत न्हाई. मांडीवर वाढवलं तर ते आमच्या मागनं बाजाराला येतं, आन् मेंढरं ऱ्हात्यात उघडी."

अमेरिकेत रेमंड आणि लॉर्ना कॉपिंजर या दाम्पत्याने १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून शेकडो राखणदार कुत्री शेतकऱ्यांना देऊन त्यांचा अभ्यास केला, आणि चांगल्या राखणदारात तीन गुण असावे लागतात असे मांडले: जनावरांना इजा न करणे, त्यांच्याजवळ लक्ष देऊन राहणे आणि संकटात त्यांना राखणे. तिसरा गुण पहिल्या दोन गुणांतून उगवतो. जे आपले आहे तेच राखले जाते. वाघरीतल्या मेंढीच्या एका ढुशीने त्या पिल्लाला जे शिकवले, त्याचा आणि या अभ्यासाचा अर्थ एकच आहे.

आता हेच घराला लावून पाहा. तुम्हाला मेंढरे राखायची नसतील, घर, गोठा आणि माणसे राखायची असतील, तर या सोळा आठवड्यांत पिल्लाने घरातली सगळी माणसे, शेजारची मुले, काठी टेकत येणारे आजोबा, दूधवाला, गोठ्यातली गाय, कोंबड्या, ट्रॅक्टरचा आवाज, डोक्यावर गवताचा भारा घेतलेली बाई हे सगळे शांतपणे, न घाबरता पाहिलेले असले पाहिजे. 'सगळ्यांची ओळख झाली तर तो राखण करणार नाही' ही समजूत मी अनेकांकडून ऐकली आहे आणि ती चुकीची आहे. ज्याला रोजचे काय ते ठाऊक आहे, त्यालाच वेगळे काय ते ओळखू येते. ज्याने काहीच पाहिलेले नाही त्याला सगळेच वेगळे वाटते, आणि मग तो पाहुण्यालाही चोरच समजतो.

आईजवळचे दिवसही याच काळात येतात. २०१७ च्या कुत्रा पैदास व विक्री नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही. चावण्याचा जोर कुठे आवरायचा हे पिल्लू आईकडून आणि भावंडांकडून शिकते; पुढे ज्याचे वजन पन्नास किलोंच्या पुढे जाणार आहे त्याने हे शिकणे किती गरजेचे आहे ते सांगायला नको.

साखळीवर बांधले तर काय बिघडते?

राखणदाराकडे धोक्यासमोर तीन मार्ग असतात: दूर होणे, मध्ये उभे राहून इशारा देणे, आणि शेवटी अंगावर जाणे. साखळी पहिले दोन मार्ग काढून घेते. समोरून येणाऱ्या प्रत्येकाकडे तो झेप घेतो, गळ्याला हिसका बसतो, आणि माणूस दिसणे म्हणजे दुखणे असा संबंध त्याच्या मनात रोज थोडा थोडा पक्का होतो. त्यात येणारा माणूस काही वेळाने निघूनच जातो, त्यामुळे आपण झेपावलो म्हणून तो गेला असा धडाही त्याला मिळतो. असा कुत्रा ज्या दिवशी साखळी तोडतो त्या दिवशी जे घडते ते वर्तमानपत्रात छापून येते. फाटकाजवळची साखळी सोडून कुंपण घातलेले आवार द्यावे, आणि कुंपण निदान पाच-सहा फूट उंच असावे. हे परवडत नसेल तर या जातीचा कुत्रा आणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दीड वर्षाचा दांडगट

मोठ्या जातींचे शरीर आधी वाढते आणि समज मागून येते. आठव्या महिन्यापासून जवळजवळ दुसरे वर्ष संपेपर्यंत हे कुत्रे वयात येणाऱ्या मुलासारखे वागतात: कोंबड्यांच्या मागे धावून पाहतात, कोकराची लोकर ओढतात, हाक ऐकून न ऐकल्यासारखे करतात. अनेक देशांतले मेंढपाळ अशा वेळी कुत्र्याच्या गळ्यात लाकडाचा ओंडका लटकवतात; आपण ओढाळ गुरांच्या गळ्यात लोढणे बांधतो तोच हा उपाय आहे. घरी लोढण्याची गरज पडत नाही, पण या काळात त्याला जनावरांत एकटे सोडू नये आणि घरातल्या प्रत्येकाने त्याच्याशी एकाच रीतीने वागावे. मारहाण मुळीच करू नये. स्वतः निर्णय घेणाऱ्या प्राण्याला मारले की तो मारणाऱ्याविषयीही निर्णय घेऊन मोकळा होतो. चांगली राखण दोन ते तीन वर्षांच्या वयात दिसू लागते, तोवर धीर धरावा लागतो.

घरात लहान मुले असतील तर मोठे माणूस समोर असल्याशिवाय मूल आणि कुत्रा यांना एकत्र ठेवू नये. कुत्रा कितीही गुणी असो. मुलांचा कुस्तीचा खेळ रंगला आणि शेजारचा पोरगा घरच्या पोरावर बसला, तर राखणदाराला तो खेळ आहे हे कळेलच असे नाही.

कॅल्शियमचे औषध पाजावे का?

माझ्या पहिल्या पिल्लाच्या बाबतीत मी ते पाजले होते. विकणाऱ्याने सांगितले होते की हाडे दणकट होतात. मी रोज दोन चमचे औषध, दोन अंडी आणि पोटभर मटणाचे तुकडे देत होतो आणि पिल्लू आठवड्याला दिसण्याइतके वाढत होते याचा मला अभिमान वाटत होता. पाचव्या महिन्यात त्याचे पुढचे पाय मनगटातून बाहेर वळू लागले, आणि सकाळी उठताना ते आधी कोपरांवर टेकून मग उभे राहू लागले. ते दृश्य मी विसरलेलो नाही.

कारण समजून घेण्यासारखे आहे. वाढत्या हाडाच्या टोकाशी एक मऊ पट्टी असते, तिथे नवे हाड तयार होते. मोठ्या जातींत ती पूर्ण घट्ट व्हायला दीड वर्ष किंवा त्याहून अधिक लागते. लहान पिल्लाच्या आतड्याला जादा कॅल्शियम अडवता येत नाही, जेवढे द्याल त्याचा मोठा भाग ते शोषून घेते, आणि त्यामुळे हाडांची नेमकी वाढ बिघडते. भरपूर खाऊ घातल्याने वजन वेगाने वाढते आणि त्याचा भार त्याच मऊ पट्ट्यांवर पडतो. उसाला युरिया जास्त झाला की तो हिरवागार, उंच वाढतो आणि पहिल्या वादळात लोळतो. इथेही तसेच होते. म्हणून मोठ्या जातीचे पिल्लू सडसडीत ठेवावे, बरगड्या हाताला सहज लागाव्यात, आणि संतुलित आहार चालू असताना पशुवैद्याने सांगितल्याशिवाय वरून कॅल्शियम देऊ नये. वर्षभर त्याला जिने चढ-उतरायला लावू नये आणि दुचाकीमागे पळवू नये. मागच्या खुब्याचा सांधा सैल राहण्याचा आनुवंशिक विकार या जातींत आढळतो, म्हणून पिल्लाच्या आई-बापांची चाल स्वतः पाहूनच पिल्लू घ्यावे. नसबंदी करावी, परंतु फार कोवळ्या वयात केल्यास मोठ्या जातींत सांध्यांचे विकार वाढतात, तेव्हा वय पशुवैद्याशी बोलून ठरवावे.

माणदेशाचे ऊन, पिळलेले पोट आणि गोचीड

कॉकेशसच्या थंडीसाठी घडलेला कुत्रा आपण म्हसवड, आटपाडी किंवा जत इथे आणतो, जिथे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही. तो धापा टाकून अंग थंड करतो. अंगावरचे केस भादरले तर बरे वाटेल, असे समजू नये, कारण तोच थर ऊनही अडवतो. दाट सावली, ओली माती आणि सकाळी नऊच्या आत फिरणे या गोष्टी लागतात. धापा थांबेनात, लाळ घट्ट झाली आणि चाल अडखळू लागली, तर अंगावर साधे पाणी ओतत, वारा घालत दवाखाना गाठावा.

खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांना एक जीवघेणा आजार होतो: पोटात वायू भरतो आणि जठर पोत्याच्या तोंडासारखे पिळले जाते. पोट टम्म फुगणे, ओकारीचा प्रयत्न होऊनही काही न पडणे आणि बेचैन येरझाऱ्या ही त्याची लक्षणे आहेत. हातात मोजकेच तास असतात आणि शस्त्रक्रियेवाचून उपाय नसतो, म्हणून सकाळची वाट पाहू नये. एकदाच भरपेट घालण्याऐवजी दोन-तीन वेळा थोडे थोडे द्यावे आणि जेवणाच्या आगेमागे पळवू नये.

गोचीड ताप आपल्याकडे सर्रास होतो. खाणे सोडलेला, ताप असलेला कुत्रा दिसला की रक्त तपासून घ्यावे. रेबीजची लस तिसऱ्या महिन्याच्या सुमारास आणि नंतर पशुवैद्य सांगेल त्याप्रमाणे नियमित द्यावी. कुत्रा कोणालाही चावला, अगदी घरचा लस दिलेला असला, तरी जखम पंधरा मिनिटे साबण आणि वाहत्या पाण्याने धुवावी आणि लगेच सरकारी दवाखान्यात जावे. हळद-चुना लावत बसू नये.

बिबट्याला तो आवरेल का?

साताऱ्यात हा प्रश्न निघाला की कोणी तरी संगममाहुलीच्या खंड्याची आठवण काढतो. थोरल्या शाहू महाराजांचे प्राण वाघापासून वाचवणारा म्हणून त्याची कथा सांगतात आणि त्याची समाधी तिथे आहे. ती निष्ठा मलाही पूज्य आहे. तरीही एकट्या कुत्र्याच्या भरवशावर बिबट्याशी हिशेब मांडू नये. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास झाला तेव्हा त्याच्या खाण्यात सर्वांत मोठा वाटा पाळीव आणि भटक्या कुत्र्यांचाच निघाला होता. बिबट्या पाठीमागून, दबा धरून, मानेवर येतो, आणि साखळीवरचा कुत्रा तर त्याच्यासाठी वाढलेले ताट असते. हिमालयातले मेंढपाळ कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा लोखंडी पट्टा घालतात तो याचसाठी. आपल्याकडे रात्री कुत्रा आणि शेरडे पक्क्या, वरून झाकलेल्या गोठ्यात ठेवणे हाच खरा उपाय आहे. कुत्र्याने आतून भुंकून जागे केले तरी त्याचे काम झाले.

मग अशा जातींवर बंदीच बरी नव्हे का?

हा आक्षेप मी हलका मानत नाही. साठ किलोंच्या कुत्र्याने केलेली चूक आणि दहा किलोंच्या कुत्र्याने केलेली चूक यांचा परिणाम सारखा नसतो, त्यामुळे जात निरर्थक आहे असे म्हणणेही खोटे ठरेल. मात्र नावांच्या यादीने पाळण्याची रीत सुधारत नाही, आणि संकरित पिल्लाची जात नुसती पाहून ठरवता येत नाही. पैदास करणाऱ्यांची नोंदणी, आठ आठवड्यांचा नियम, लस आणि कुंपण यांची प्रत्यक्ष तपासणी झाली तर त्याचा अधिक उपयोग होईल. निष्काळजी मालकाला जबाबदार धरणारी तरतूद भारतीय न्याय संहितेच्या २९१ व्या कलमात आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

सातारा किंवा सांगली शहरातल्या सदनिकेत या जाती आणू नयेत, एवढे मात्र मी ठामपणे सांगेन. रात्री भुंकणे हे त्यांचे कामच आहे, आणि ते बंद करा असे शेजाऱ्यांनी म्हणणेही रास्त आहे.

साधा गावठी कुत्रा पुरत नाही का?

बहुतेक वस्त्यांना पुरतो. रहिमतपूरच्या त्या वाड्यातले पिल्लू कोणत्याही नोंदवहीतल्या जातीचे नव्हते. त्याची आई मध्यम उंचीची, कान पडलेली, उन्हाची सवय असलेली कुत्री होती. मी वाघरीकडे निघालो तेव्हा ती न चावता, फक्त भुंकत माझ्या आणि मेंढरांच्या मध्ये आडवी आली आणि मामांनी हाक देईपर्यंत तिथून हलली नाही. माणदेशातल्या लांडग्यांपासून अशीच कुत्री पिढ्यान्‌पिढ्या मेंढरे राखत आली आहेत. परदेशी पिल्लावर पैसे ओतण्याआधी एखाद्या वाड्यावर जाऊन चांगल्या कुत्रीचे वेत कधी आहे ते विचारावे.

मोठा देह लवकर थकतो, हेही आधी माहीत असावे. अवाढव्य जातींचे आयुष्य बहुधा आठ ते बारा वर्षांचे असते. आजचा राखणदार थकण्याआधी उद्याचा तयार व्हावा लागतो. मामांच्या वाड्यात त्या तांबूस पिल्लाखेरीज एक म्हातारा कुत्राही होता, पुढचे दात झिजलेला, दिवसा घोडीच्या सावलीत पडून राहणारा. रात्री त्याला वाघरीबाहेर पिल्लाच्या बाजूलाच झोपवत. तो ज्या चाहुलीला उठतो तिला पिल्लू उठते, आणि तो ज्या चाहुलीला नुसता कान हलवून पडून राहतो तिला पिल्लूही हळूहळू पडून राहायला शिकते.